सोसायटीचा अध्यक्ष निवडण्याआधी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आम्ही एकदा वयाकडे आणि खणखणीत आवाजाकडे बघून एका ज्येष्ठ सभासदांना अध्यक्षपद देऊन टाकलं. त्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग एकाच ठेकेदाराला, तोंडी बोलीवर दिलं. कोणी काही विचारलं की ते म्हणायचे, "माझ्यावर विश्वास नाही का?" आणि सगळे गप्प. मीही गप्प बसले, याचं आजही वाईट वाटतं. जुलैत वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पलंगावर प्लॅस्टरचा तुकडा पडला. ओला, ताटाएवढा, आतून सळईचा गंज लागलेला. काकू स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या.

म्हणून नाव सुचवण्याआधी त्या माणसाला दोन-तीन सभांत नीट ऐका. हिशेबाचा प्रश्न आला की वही उघडतो की आवाज चढवतो? "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं जो म्हणतो, त्याचं नाव मी आधी पुढे करेन. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करावाच, पण चेकवर सही करण्याचा अधिकार ही वेगळी गोष्ट आहे.

उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, वाचलेत का, तेही विचारा. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, दर ३ वर्षांनी करायचं असतं, हे तरी ठाऊक हवं. अध्यक्ष ज्या समितीत असतो ती ५ वर्षांसाठी येते, म्हणजे निवडीतली चूकही तेवढीच वर्षं भोगावी लागते.

निवडून दिल्यावर वार्षिक सभा चुकवू नका. ती ३० सप्टेंबरच्या आत होते. मोठ्या कामाची किमान तीन कोटेशनं टेबलावर मागा आणि ठराव इतिवृत्तात तिथल्या तिथे लिहून घ्या.