फौजी माणसाचा जीवनपट लिहिताना

मजकूर वर्षश्राद्धाला वाचायचा असो की नातवंडांसाठी छापायचा, फौजी माणसाचा जीवनपट सहसा दोनपैकी एका बाजूला कलतो. एक तर नुसती पोस्टिंगची यादी होते, नाहीतर ‘फार शिस्तीचे होते’ एवढ्यावर सगळं आटोपतं. त्यासाठी आधी एक जाड वही घ्या आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पलटण, उजवीकडे घर. एका वर्षाला एक पान.

डावी बाजू डिस्चार्ज बुकावरून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवापुस्तिकेवरून भरा. भरतीची तारीख, ट्रेड, पदकं आणि निवृत्तीच्या वेळचा शेरा त्यात मिळेल. ते हरवलं असेल तर पीपीओवरचा (पेन्शनच्या आदेशावरचा) नंबर आणि हुद्दा घेऊन त्यांच्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, वारसाच्या सहीने अर्ज करा, सोबत मृत्यूदाखल्याची प्रत जोडा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअरांचं) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नौदलातल्या सेलरचं तर आपल्या नवी मुंबईहून खाडीपलीकडेच, मानखुर्दला. अर्जासाठी मदत हवी असेल तर ऐरोली, वाशी, नेरुळच्या कुटुंबांनी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, त्यांचं कार्यालय अलिबागला. हेलपाटा इथेच वाचतो.

उजव्या बाजूला मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले फार उपयोगी पडतात. केंद्रीय विद्यालयाच्या अशा दाखल्यावर (टीसीवर) गाव आणि तारीख दोन्ही असतं, म्हणजे कुटुंब क्वार्टरमध्ये कधी होतं ते कळतं. मधली दोन-तीन वर्षं मुलं गावच्या शाळेत दिसली, तर तेव्हा वडील बहुधा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर होते. डिस्चार्ज बुकाशी ताडून बघा. ही वर्षं घाईत उरकू नका. घरचं आजारपण, शेती, शाळेची फी कोण बघत होतं, निर्णय पत्रातून कसे व्हायचे, हे त्यांच्या पत्नीला विचारून सविस्तर लिहा. ‘त्यांच्याबद्दल सांगा’ असं विचारलं की एका वाक्यात उत्तर येतं. ‘सुट्टी संपल्यावर ट्रंक कोण भरायचं? त्यात काय काय असायचं?’ असं विचारा, मग बोलणं थांबत नाही.

पत्रांवरच्या पत्त्याने फसू नका. ‘५६ एपीओ’ हे गाव नव्हे, लष्करी टपालाचा पत्ता आहे. ५६ एपीओची टपाल दिल्लीमार्गे जायची आणि ९९ एपीओची कोलकात्यामार्गे, त्यामुळे ९९ दिसलं तर पूर्वेकडची पोस्टिंग एवढाच अंदाज बांधता येतो.

सर्वांत जास्त चुका पदकांत होतात. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळालं. त्यावरून ‘१९७१चं युद्ध लढले’ असं लिहिता येत नाही. ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ ही त्या युद्धाच्या पूर्व-पश्चिम आघाड्यांची पदकं असतील तर गोष्ट वेगळी. त्याच युद्धाचं संग्राम मेडल मात्र त्याहून बऱ्याच जास्त लोकांना मिळालं होतं, त्यामुळे तेवढ्यावरूनही ‘लढले’ म्हणता येत नाही. पदकं चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, कडेवर कोरलेलं नाव आणि नंबर झिजतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात. ओढलं तर चेहराच निघून येतो, म्हणून काचेसकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. मागे लिहिलेलं असेल तर ती बाजूही घ्या.

हुद्दा अचूक लिहा. सुभेदार मेजर आणि मेजर वेगळे, ऑनररी कॅप्टन आणि कॅप्टनही वेगळे. वार्धक्याने किंवा आजाराने गेलेल्यांना ‘शहीद’ लिहू नका. त्यांच्या सेवेला उसन्या शब्दाची गरज नाही. श्रद्धांजली सभेत तिरंगा टेबलावर पसरू नका, ध्वजसंहितेत ते बसत नाही.

वाचायचा मजकूर साधारण साडेपाचशे शब्दांचा ठेवा, पाच मिनिटं होतात. पुस्तिका मधोमध पिना मारून बांधायची तर पानं चारच्या पटीत हवीत, सोळा पुरतात. डिस्चार्ज बुक किंवा पीपीओचा फोटो त्यात छापू नका, व्हॉट्सॲपवरही टाकू नका. पत्नीची फॅमिली पेन्शन त्याच नंबरांवर चालते. छापायला देण्याआधी कच्चा मजकूर पत्नीला आणि पलटणीतल्या एखाद्या जुन्या सोबत्याला मोठ्याने वाचून दाखवा. तारखा ती सुधारेल, जागांची नावं तो.