गाडीला गाडी घासली आणि चूक कोणाची यावर वाद झाला, तर विम्याचा क्लेम कसा हाताळावा

भर चौकात दोन गाड्या एकमेकींना घासल्या की पाच मिनिटांत न्यायालय भरते. बघे साक्षीदार होतात, रिक्षावाला न्यायाधीश होतो आणि ‘चूक कोणाची’ यावर तासभर हुज्जत चालते. गंमत अशी की तुमच्याकडे ‘फुल इन्शुरन्स’ असेल, म्हणजे पॉलिसीत ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग असेल, तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीपुरता हा वाद बिनकामाचा असतो. चूक तुमची असो वा समोरच्याची, तुमची कंपनी तुमच्या गाडीचा खर्च देते. ती बघते ते वेगळेच: पॉलिसी चालू होती का, चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचे वैध लायसन्स होते का, तो प्यायलेला होता का, आणि तुम्ही सांगता ती हकीकत गाडीवरच्या पोच्यांशी जुळते का.

चूक कोणाची हा प्रश्न खरा उभा राहतो तो कोणाला लागले असेल तेव्हा, किंवा दोघांपैकी एकाकडे फक्त थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा) असेल तेव्हा. म्हणून पॉलिसी आजच उघडून आपल्याकडे काय आहे ते बघून ठेवा. जुन्या गाडीला स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असते आणि ते मालकाला ठोकर बसल्यावर कळते, असे पुष्कळदा होते.

जागेवर काय करावे

आधी माणसे बघा. कोणाला लागले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला खबर देणे ही चालकाची जबाबदारी आहे. ११२ ला फोन करा. अशा प्रसंगी ‘इथल्या इथे मिटवू’ हा विचारच नको.

कोणाला लागलेले नसेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. बहुतेक लोक फक्त पोच्याचा जवळून फोटो काढतात, आणि वादात तोच सगळ्यात कमी उपयोगी पडतो. पहिला फोटो लांबून घ्या: दोन्ही गाड्या, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, दुभाजक, सिग्नलचा खांब, जवळच्या दुकानाची पाटी. मग दोन्ही गाड्यांची पुढची चाके कोणत्या बाजूला वळलेली आहेत ते घ्या. कोण लेन बदलत होते हे चाके सांगतात. रस्त्यावर पडलेले काचेचे किंवा प्लास्टिकचे तुकडे घ्या, कारण ठोकर नेमकी कुठे झाली ते त्यावरून कळते. शेवटी दोन्ही गाड्यांवर एकाच उंचीवर उमटलेली ओरखड्याची रेघ आणि एकीचा दुसरीला लागलेला रंग. एवढे झाले की गाड्या बाजूला घ्या. मागे अर्धा किलोमीटर रांग लावून पुरावा अधिक पक्का होत नाही.

समोरच्याचे नाव, फोन नंबर, लायसन्सचा आणि पॉलिसीचा फोटो मागा. देत नसेल तर भांडू नका, नंबरप्लेट पुरे. एम-परिवहन ॲपवर त्या नंबरवरून विम्याची मुदत दिसते. बाजूच्या दुकानात किंवा सोसायटीत कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन फुटेज मागा. काही दिवसांनी जुन्यावर नवे रेकॉर्डिंग चढते. डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड काढून घ्या किंवा क्लिप फोनवर उतरवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत तीही पुसली जाऊ शकते.

जागेवर एक गोष्ट मात्र करू नका. ‘माझी चूक झाली, मी भरून देतो’ असे म्हणू नका आणि लिहून तर मुळीच देऊ नका. पॉलिसीच्या अटींत स्पष्ट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत किंवा देण्याचे वचनही देऊ नये. याची उलटी बाजू कमी लोकांना माहीत असते. चूक समोरच्याची असताना ‘माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही’ असे लिहून दिले, तर त्याच्याकडून वसुली करण्याचा तुमच्या कंपनीचा हक्क तुम्हीच बुडवता. दोन्ही कागदांपासून लांब राहा.

पोलिसात जावे का

लागलेले नाही, नुकसान किरकोळ आहे आणि समोरचा धमकावत नाही, तर ओन डॅमेज क्लेमला साधारणपणे एफआयआर लागत नाही. पण समोरचा पैशांसाठी अडून बसला, पळून गेला, किंवा ‘बघून घेतो’ म्हणाला, तर जवळच्या ठाण्यात जाऊन घटनेची नोंद करून तिची प्रत घ्या. वाद पुढे गेला तर ‘त्याच दिवशी कळवले होते’ हे दाखवायला ती उपयोगी पडते. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल आणि समोरच्याकडून भरपाई हवी असेल, तर पोलिसांच्या कागदाशिवाय पुढे सरकणे कठीण, हे धरून चाला.

क्लेम करायचा की खिशातून भरायचे

हा हिशेब शांतपणे घरी बसून करायचा. समजण्यापुरते आकडे घेऊ. तीन-चार वर्षांची गाडी, १५०० सीसीच्या आतली, झिरो डेप (घसारा न कापणारे जादा कव्हर) नाही. बंपर बदलायला ६,००० रुपये, रंगकाम ४,००० रुपये. बिल १०,०००. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, म्हणजे ३,००० गेले. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रंगाचा माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ५००. सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचा वाटा, १,००० (१५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). हाती येतात ५,५००.

आता दुसरी बाजू. क्लेम न केल्याचा बोनस, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यातली सूट, वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० धरू. तुमचा बोनस ५० टक्क्यांवर असेल तर आज तुम्ही ६,००० भरता. क्लेम केला की पुढच्या वर्षी १२,०००, मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६०० असे करत सहाव्या वर्षी पुन्हा ६,००० वर याल. जादा भरलेले एकूण १५,०००, वर जीएसटी वेगळा. गाडीची किंमत घटते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी येईल, पण साडेपाच हजारांसाठी हा सौदा तोट्याचाच आहे.

बोनस २० टक्क्यांवरच असेल तर हाच फटका ९,६०० च्या आसपास येतो. झिरो डेप असेल तर हाती येणारी रक्कम वाढते, आणि बोनस सुरक्षित ठेवणारे कव्हर घेतले असेल तर सगळाच हिशेब बदलतो. माझे मत विचाराल तर एकच बंपर किंवा एकच दरवाजा यासाठी क्लेम करू नये. हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर यांच्यापर्यंत मार गेला असेल तर मागेपुढे बघू नये.

एक मात्र करा. क्लेम घ्यायचा नाही असे ठरले तरी समोरचा नुकसान मागत असेल तर घटनेची खबर कंपनीला द्या. नुसत्या खबरीने बोनस जात नाही. तो ओन डॅमेजचे पैसे घेतल्यावर जातो. समोरच्याला तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळाली तरी या बोनसला धक्का लागत नाही.

खबर आणि हकीकत

खबर लगेच द्या, शक्यतो त्याच दिवशी, आणि क्लेम नंबर लिहून घ्या. मग फॉर्मवरची हकीकत. वादाच्या प्रकरणात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण माणूस रागात लिहितो. ‘समोरचा बेफाम आला आणि त्याने मला ठोकले’ या वाक्यात माहिती काहीच नाही. त्याऐवजी असे लिहा:

‘सकाळी साडेनऊच्या सुमारास मी पुलावरून उतरून डाव्या लेनमधून सरळ जात होतो. वेग अंदाजे २५. उजव्या लेनमधली पांढरी गाडी डावीकडे आली. तिचा डावा मागचा दरवाजा माझ्या बंपरच्या उजव्या कोपऱ्याला घासला. माझा उजवा हेडलाइट फुटला. कोणाला लागले नाही. समोरच्या चालकाचे म्हणणे वेगळे आहे.’

दिशा, लेन, वेग, कोणता भाग कोणत्या भागाला लागला. निकाल देऊ नका, दिसले ते लिहा. शेवटचे वाक्य आवर्जून घाला. वाद आहे हे लपवल्याचा आरोप नको. गाडी मुलगा चालवत असेल तर मुलाचेच नाव लिहा. चालक बदलून सांगणे ही किरकोळ थाप नाही, त्यावर अख्खा क्लेम फेटाळला जातो. पीयूसी नव्हते म्हणून क्लेम मिळत नाही, असा जो निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो तो खोटा आहे. नुसत्या त्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, असा खुलासा विमा नियामकाने २०२० मध्येच केला आहे.

गॅरेज आणि सर्व्हेअर

रेडिएटर गळत असेल किंवा चाक घासत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा. दुरुस्तीआधी गाडी चालवल्याने नुकसान वाढले तर ते मालकाच्या माथी, अशी पॉलिसीची अट आहे. गळक्या रेडिएटरवर दहा किलोमीटर गाडी नेली आणि इंजिन बसले, तर बंपरचे पैसे मिळतील, इंजिनाचे नाही.

सर्व्हे, म्हणजे कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी, होईपर्यंत काहीही खोलायला देऊ नका. ५०,००० रुपयांच्या वरच्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. त्याखाली बरेचदा व्हिडिओ कॉलवर किंवा फोटोंवर भागते. सर्व्हेच्या वेळी शक्य असेल तर स्वतः हजर राहा. गॅरेजवाला ‘मागचा जुना पोचाही यातच बसवून देतो’ म्हणेल. नको म्हणा. पुढून घासलेल्या गाडीच्या मागच्या दरवाजावरचा गंजलेला ओरखडा सर्व्हेअरला लगेच ओळखू येतो, आणि मग तुमच्या खऱ्या हकीकतीवरही संशय येतो. बंपर उतरवल्यावर आत आणखी काही तुटलेले निघाले तर काम थांबवून पुरवणी एस्टिमेट मंजूर करून घ्या. भाग दुरुस्त करायचा की बदलायचा यावर खटका उडाला तर सर्व्हेअरकडून कारण लेखी मागा.

विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय, असे वेळापत्रक आहे. पाठपुरावा ईमेलवर करा; फोनवरच्या गोड बोलण्याची नोंद राहत नाही.

समोरचा ऐकतच नसेल तर

त्याच्याकडे ओन डॅमेज असेल तर त्याने स्वतःच्या कंपनीकडे जावे, हे त्याला शांतपणे सांगा. नसेल तर त्याचा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. तुमच्या थर्ड पार्टी विम्यात खासगी कारसाठी दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारणतः साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. त्याची नोटीस आली की स्वतः उत्तर न देता त्याच दिवशी कंपनीकडे पाठवा. उलट तुम्हालाच त्याच्याविरुद्ध जायचे असेल तर घटनेपासून सहा महिन्यांत अर्ज करावा, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. चार हजारांच्या आरशासाठी वकील लावून कोणी जात नाही, आणि जाऊही नये.

‘मागून धडक म्हणजे मागच्याचीच चूक’ हे बहुधा खरे, पण नेहमी नाही. २०१७ मध्ये कोइम्बतूरजवळ एका कारचालकाने गरोदर पत्नीला मळमळते म्हणून महामार्गावर अचानक ब्रेक मारला; मागचा दुचाकीस्वार आदळून पडला आणि बसखाली त्याचा पाय गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारचालकावर ५० टक्के, बसचालकावर ३० टक्के आणि खुद्द दुचाकीस्वारावर २० टक्के जबाबदारी टाकली. चूक अशी वाटलीही जाते. घाटात अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, गोल चौकात आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचे, हे नियमही वादात कामाला येतात.

क्लेम न करता काहीशे-हजार रुपयांत मिटवायचेच असेल तर मिटवा, पण तो खर्च कंपनी देणार नाही हे मनाशी धरून. कागदावर तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम आणि ‘पुढे मागणी नाही’ एवढे लिहून दोघांनी सह्या कराव्यात, पैसे यूपीआयने द्यावेत. असे मिटवल्यावर त्याच नुकसानीचा क्लेमही टाकायचा, हा दुटप्पी उद्योग करू नका.

कंपनीनेच नाकारले तर

नकाराचे कारण लेखी घ्या आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवे. तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, त्यामुळे आधी लोकपाल बरा.

नूतनीकरणाच्या वेळी बोनसच्या रकान्यात खरे तेच भरा, विशेषतः कंपनी बदलत असाल तर. जुन्या कंपनीकडून क्लेमची माहिती नवीला मिळते, आणि बोनस खोटा निघाला तर पुढचा मोठा क्लेम त्यावरच अडतो. मुदत संपल्यावर ९० दिवसांत पॉलिसी नवी केली नाही तर साठलेला बोनस क्लेम न करताही जातो.