सिनेमाची माहिती सिनेमाच्याच फोल्डरात

बाबांसाठी मी दोनशेहून जास्त सिनेमांचे सारांश मराठीत टाईप केले होते. रिमोट घेऊन ते पोस्टरवर थांबायचे, खालच्या दोन ओळी वाचायचे आणि मगच 'हा लाव' म्हणायचे. एका रविवारी मी जेलीफिन (आपल्याच ड्राइव्हवरचे सिनेमे पोस्टरांसकट टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) पुसून नव्याने टाकलं, ड्राइव्ह जोडली, स्कॅन केलं. सिनेमे सगळे आले, सारांश मात्र इंग्रजीत! माझं सगळं टायपिंग जेलीफिनच्या डेटाबेसमध्ये होतं आणि तो मी स्वतःच उडवला होता. पुन्हा टाईप करायला दोन महिने लागले. या खेपेला सगळं एनएफओ फाइलींमध्ये लिहिलं.

एनएफओ म्हणजे साधी मजकुराची फाइल. आत एक्सएमएल असतं, म्हणजे टोकदार कंसांतल्या खुणांच्या (टॅगच्या) मध्ये लिहिलेली माहिती, आणि ती व्हिडिओच्या शेजारी, त्याच फोल्डरात बसते. कोडी (असंच दुसरं सॉफ्टवेअर) आणि जेलीफिन दोन्ही ती वाचतात. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी माहिती ड्राइव्हबरोबर जाते.

आधी नावं नीट करा, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. एका सिनेमाला एक फोल्डर: नाव, एक मोकळी जागा, कंसात साल. आतल्या व्हिडिओला तेच नाव. 'देवदास' १९५५ चा आणि २००२ चा, दोन्ही तुमच्याकडे असतील तर साल नसताना सॉफ्टवेअर कुठला उचलेल ते नशिबावर. साल इंग्रजी आकड्यांतच लिहा. देवनागरी आकडे कोडीला साल म्हणून कळत नाहीत. नावात विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब असतील तर ते काढा, विंडोज ते फाइलच्या नावात घेत नाही. तरीही चुकीचा सिनेमा चिकटत असेल तर टीएमडीबी या सिनेमांची माहिती ठेवणाऱ्या वेबसाइटवरचा त्याचा क्रमांक फोल्डरच्या नावात घालता येतो. जेलीफिनला तो चौकोनी कंसात लागतो, प्लेक्स या तसल्याच सॉफ्टवेअरला महिरपी.

आता प्रत्यक्ष फाइल. विंडोजवर एनएफओवर डबल-क्लिक केलंत तर संगणकाची माहिती दाखवणारी भलतीच खिडकी उघडते. पहिल्यांदा मला वाटलं व्हायरसच आला. तसं काही नाही, विंडोजने हे एक्स्टेन्शन स्वतःच्या कामाला आधीच जोडून ठेवलंय. राइट-क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर शेपटीला टीएक्सटी लागतं आणि एक्स्टेन्शन लपवलेली असली की ते दिसतही नाही. एनकोडिंग यूटीएफ-८ ठेवा. ते चुकलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

फाइलचं नाव व्हिडिओचंच, फक्त एक्स्टेन्शन वेगळं. प्रत्येक फोल्डरात नुसतं 'मूव्ही' नावाची एनएफओही चालते, पण त्यासाठी कोडीत 'सिनेमे वेगवेगळ्या फोल्डरांत आहेत' हा पर्याय चालू हवा. एका फोल्डरात दोन्ही ठेवू नका.

आत सगळ्यात बाहेरचा टॅग मूव्ही. त्याच्या पोटात टायटल, इयर, प्लॉट (सारांश) आणि युनिकआयडी (टीएमडीबीवरचा क्रमांक) एवढे चार पुरतात. टॅगची नावं इंग्रजी छोट्या लिपीत, उघडलेला प्रत्येक टॅग बंद केलेला. टॅगच्या मधला मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहा. आणखी एक टॅग मी सगळीकडे घालतो, तो म्हणजे सॉर्टटायटल. देवनागरी शीर्षकं यादीत झेडच्याही मागे जाऊन बसतात. सॉर्टटायटलमध्ये तेच नाव रोमन लिपीत दिलं की सिनेमा आपल्या जागी येतो.

एक चिन्ह फार छळतं: '&'. एका सारांशात मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि अख्खी फाइल बाद झाली. एक्सएमएलमध्ये ते एकटं चालत नाही, त्याच्या मागोमाग इंग्रजी छोट्या लिपीत एएमपी आणि अर्धविराम लागतो. मी सरळ 'आणि' लिहितो.

ज्यांना हाताने लिहायचं नाही त्यांनी जेलीफिनमध्ये लायब्ररीच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा सेव्हरखाली एनएफओवर टिक करावी. मग एखाद्या सिनेमाची माहिती बदलून फोल्डरात फाइल खरंच आली का ते डोळ्यांनी बघावं. आली नाही तर बहुतेक सर्व्हरला त्या फोल्डरात लिहायची परवानगी नसते. हाताने लिहिलेल्या सिनेमांना तिथेच कुलूप घाला, नाहीतर पुढच्या रिफ्रेशला इंटरनेटवरचा मजकूर तुमच्या डोक्यावर बसतो. कोडीवाल्यांना मीडियाच्या सेटिंगमध्ये लायब्ररी एक्स्पोर्ट आहे. 'वेगवेगळ्या फाइली' निवडलं की प्रत्येक सिनेमाशेजारी एनएफओ पडते.

पोस्टरचं काम पाच मिनिटांचं: त्याच फोल्डरात पोस्टर आणि फॅनआर्ट (मागचं मोठं चित्र) नावाच्या दोन जेपीजी, नावं छोट्या लिपीत. लिनक्सवर मोठं-छोटं अक्षर वेगळं धरतात. सबटायटलला व्हिडिओचंच नाव आणि मध्ये भाषेचा संकेत, मराठीचा 'एमआर'.

एनएफओची खरी किंमत मला बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटने दाखवली. कॅसेटवरून उतरवलेली फाइल मी नुसतं 'लग्न' म्हणून ठेवली होती. स्कॅन झाल्यावर तिला कुठल्यातरी परदेशी थरारपटाचं पोस्टर चिकटलं, सारांशात दोन खून. बहीण अजून त्यावरून टोमणे मारते. असल्या घरगुती व्हिडिओंना टीएमडीबीवर पान नसतंच, त्यामुळे युनिकआयडी गाळायचा आणि टायटल, इयर, प्लॉट स्वतः लिहायचं. कोडीला पूर्ण एनएफओ मिळाली की तो इंटरनेटवर शोधायला जात नाही. प्लॉटमध्ये मी कोण कितव्या मिनिटाला दिसतं ते लिहिलंय. आजी बाविसाव्या मिनिटाला आहे.

कोडीत पाहिलेल्या सिनेमांच्या खुणाही एक्स्पोर्टबरोबर एनएफओत जातात, पण परत आणताना कोडी त्यांच्याकडे आपणहून बघत नाही. त्यासाठी ॲडव्हान्स्डसेटिंग्ज फाइलमध्ये व्हिडिओलायब्ररीखाली इम्पोर्टवॉच्डस्टेट 'ट्रू' करावं लागतं, आणि तेही नव्याने स्कॅन करण्याच्या आधी. मी नंतर केलं. बाबांनी पाहिलेले सगळे सिनेमे मला एकेक करून टिक करावे लागले. ते शेजारी बसून 'हा पाहिलाय, हा अर्धाच' असं सांगत होते.