जर्मनीत मास्टर्सला आलात? लेक्चर सुरू होण्याआधी लिनक्स बसवून घ्या

विंटर सेमेस्टर कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण बहुतेक विद्यापीठांत लेक्चर सुरू व्हायला महिन्याचा मध्य उजाडतो. पत्त्याची नोंदणी, बँक, आरोग्य विमा यांतून मधले जे दिवस उरतील, ते लिनक्सला, म्हणजे विंडोजसारख्याच पण मोफत मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टमला द्या. मी इथे बरीच वर्षं आहे. महाराष्ट्रातून आलेली चांगली हुशार मुलं दरवर्षी एकाच ठिकाणी अडलेली दिसतात. असाइनमेंट समजलेली असते, पण टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं की हात थांबतात. ही अडचण बुद्धीची नाही, सवयीची आहे. आणि सवय रोजच्या वापरानेच लागते.

सवय कशासाठी, तर मोठी गणितं चालतात ती यंत्रं लिनक्सवरच आहेत. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत दुसरं काही उरलेलंच नाही. म्युनिकजवळ गार्शिंगमध्ये, आखेनजवळ युलिशमध्ये अशी यंत्रं आहेत.

कोणतं लिनक्स घ्यायचं यावर रात्री घालवू नका. उबुंटू २४.०४ किंवा त्यावरच उभं असलेलं मिंट २२ घ्या. दोन्हींना २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात आणि अडचण आली तर उत्तर सहज सापडतं. निदान पहिलं सेमेस्टर तरी ते बदलू नका. फाइल अधिकृत साइटवरून थेट डाउनलोड करा. टोरंटने लिनक्स घेणं कायदेशीरच आहे, पण काही हॉस्टेलच्या नेटवर टोरंटच बंद असतं. सिनेमे मात्र त्या वाटेने अजिबात उतरवू नका. इथे वकिलाची नोटीस घरी येते आणि शेकडो युरो जातात.

आता सगळ्यात जपून करायचा भाग. विंडोज पुसू नका. मेकॅनिकलवाल्यांना सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया लागलं तर ते लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवा. सगळ्या कामाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. मग बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप बरेचदा तुमच्या नकळत लागलेलं असतं, आणि पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागांना, हात लावल्यावर विंडोज ती की मागू शकतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फाइलींवर लिहिता येत नाही. पार्टिशन लहान करायचं ते विंडोजमधूनच, आणि लिनक्सला निदान ५० जीबी द्या. डाउनलोड केलेल्या फाइलपासून पेनड्राइव्ह तयार झाला की लगेच इन्स्टॉल करू नका. आधी त्यावरूनच लिनक्स चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासा.

इन्स्टॉल करताना कीबोर्ड विचारला जातो, तिथे लक्ष द्या. भारतातून आणलेल्या लॅपटॉपला इंग्रजी यूएस निवडा. चुकून जर्मन निवडलं गेलं तर वाय आणि झेड यांची अदलाबदल होते. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, त्यामुळे चूक कुठे होतेय तेच कळत नाही. विद्यापीठाच्या लॅबमध्ये मात्र जर्मन कीबोर्डच असेल. तिथे स्लॅश शिफ्ट-७वर, ॲट ऑल्टजीआर-क्यूवर (ऑल्टजीआर म्हणजे स्पेसच्या उजवीकडचं बटण), महिरपी कंस ऑल्टजीआर-७ आणि ०वर. पाइपचं चिन्ह (|) ऑल्टजीआर धरून डाव्या शिफ्टशेजारच्या बटणावर आहे. हे आधी बोटांत बसवा. मराठी लिहायला आयबस या टायपिंगच्या सोयीचं एम१७एन पॅकेज (ibus-m17n) घाला, त्यात इनस्क्रिप्टही आहे आणि फोनेटिकही. एडुरोम या विद्यापीठांच्या सामाइक वायफायसाठी तुमच्या विद्यापीठाचा तयार इन्स्टॉलर एडुरोम कॅट या साइटवर मिळतो.

कमांड पाठ करत बसू नका. पीडब्ल्यूडीने आपण कुठे आहोत ते कळतं, एलएसने समोर काय आहे ते दिसतं, सीडीने जागा बदलता येते. एक आठवडा फोल्डर माउसने न उघडता एवढ्यावरच फिरा. टॅब दाबलं की अर्धवट नाव पूर्ण होतं. लहान आणि कॅपिटल अक्षरं इथे वेगळी मानली जातात. आरएमने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. आणि सुडोने, म्हणजे पूर्ण अधिकार देणाऱ्या कमांडने, सुरू होणारी ओळ नेटवरून उचललीत तर ती काय करते हे कळल्याशिवाय एंटर दाबू नका.

एवढं हाताखालून गेलं की एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या कमांडने, विद्यापीठाच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मोठ्या यंत्रांवर) जाणं अवघड राहत नाही. तिथे पोहोचता ते लॉगिन नोडवर, आणि तो सगळ्यांचा सामाइक असतो. जड प्रोग्रॅम तिथे सुरू केलात तर शंभर जणांचं काम रखडतं आणि व्यवस्थापकांचा मेल येतो. बहुतेक ठिकाणी कामांची रांग सांभाळायला स्लर्म हा प्रोग्रॅम आहे. एसबॅचने (sbatch) काम रांगेत लावायचं आणि एसक्यूने (squeue) नंबर कुठवर आला ते बघायचं.

अडलात तर बिनधास्त विचारा, फक्त स्क्रीनचा फोटो पाठवू नका. दिलेली कमांड आणि आलेला एरर जसाच्या तसा मजकूर म्हणून पाठवा. लॅबच्या मशीनवर एरर जर्मनमध्ये येत असेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी (LC_ALL=C) लिहून ती पुन्हा चालवा. तोच एरर इंग्रजीत येईल, आणि शोधल्यावर त्याचं उत्तर बहुतेक वेळा तुमचं तुम्हालाच सापडेल.