वारेच्या पेशींवर काम करताय? या चुका टाळा

सांगली-मिरज रस्त्यावर दरवर्षी आमचं संशोधन करणारं एक तरी पोरगं मांडीवर थर्मास धरून रिक्षातून येतं. थर्मासात बर्फ, बर्फात डबी, डबीत वारेचा, म्हणजे प्लॅसेंटाचा, तुकडा. विषय दरवेळी नवा, चुका मात्र त्याच.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या पाच मिनिटांत होते, तुकडा कापताना. एका वर्षी एक मुलगी पेढे घेऊनच माझ्या खोलीत आली. वारेत प्रोलॅक्टिन या हार्मोनचा जीन धो धो चालू आहे म्हणे! मी विचारलं, "तुकडा कुठून घेतलास?" "मॅडम, वरून, जिथून सहज निघाला तिथून." झालं. वरून म्हणजे आईच्या बाजूने. वार पडताना गर्भाशयाच्या अस्तराचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो, त्याला डेसिड्युआ म्हणतात. त्या पेशी आईच्या, आणि प्रोलॅक्टिन त्याच बनवतात. वारेचा स्वतःचा हार्मोन प्लॅसेंटल लॅक्टोजेन. तो सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट या एकजीव झालेल्या बाहेरच्या थरातून येतो. बिचारीने चार महिने आईचाच जीन मोजला होता. पेढे खाल्ले, आकडे फेकले.

माझी सवय सांगते. नाळेची बाजू खाली ठेवायची, आईच्या बाजूचा वरचा थर कात्रीने काढून टाकायचा आणि मधल्या थरातून चिमूटभर घ्यायचं. थंड सलाइनमध्ये लाली जाईपर्यंत धुवायचं. बशीत पाणी घालून बघा, खरे व्हिलाय, म्हणजे वारेचे बोटांसारखे फाटे, शेवाळासारखे पसरून हलतात. डेसिड्युआ गुळगुळीत गोळ्यासारखी पडून राहते. बाळ मुलगा असेल तर आणखी एक सोय आहे. एक्स-आय-एस-टी हा जीन दोन एक्स गुणसूत्रं असलेल्या, म्हणजे बाईच्या, पेशींत चालतो. मुलाच्या वारेत तो चांगलाच दिसला, तर आईचं काहीतरी शिरलंय हे नक्की. कोणाला ही तपासणी जास्तीची वाटते. मला चार महिने वाया जाणं जास्तीचं वाटतं.

वार पडल्याची वेळ वहीत लिहा. "सकाळी" ही वेळ नाही. जीन चालू आहे का हे ज्यावरून कळतं तो आरएनए लवकर तुटतो, तुमच्या चहासाठी थांबत नाही. आईची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीचा कागद आधी, थर्मास नंतर.

दुसरी चूक इस्ट्रोजेन या हार्मोनवर काम करणाऱ्यांची. इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, घातलेली पेशींची ताटली आणि न घातलेली, दोन्ही सारख्याच. मग पोरं म्हणतात, "मॅडम, पेशींना हार्मोन कळतच नाही." अरे, न घातलेल्या ताटलीत हार्मोन आधीच आहे! मिडियमला, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाला, गुलाबी रंग देणारा फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखा वागतो, हे 1986 सालीच छापून आलंय. पेशींना खाऊ म्हणून घालतो त्या वासराच्या गर्भाच्या सीरममध्ये तर त्याचे स्वतःचे स्टिरॉइड हार्मोन असतात. तेव्हा बिनरंगाचं मिडियम आणि कोळशाने गाळलेलं सीरम घ्या. फक्त कोळसा इतरही बरंच काही ओढून घेतो, त्यामुळे पेशी रुसतात. मी हे दोन्ही प्रयोगाच्या फक्त एक दिवस आधी बदलते, आठवडाभर आधी नाही.

आता बीवो पेशी. या कोरिओकार्सिनोमाच्या, म्हणजे वारेच्या कर्करोगाच्या. वारेच्या बाहेरच्या थरासारख्या आपणहून फारशा एकजीव होत नाहीत. फोर्स्कोलिन हे रसायन घातलं की पेशीतला सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्याने प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागं होतं, जीसीएम1 हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन चालू करणारा रेणू, वाढतो, तो सिन्सिटिन हा जीन चालू करतो आणि पेशी एकमेकींत मिसळतात. गंमत अशी की सिन्सिटिन हा फार पूर्वी आपल्या जीनोममध्ये शिरलेल्या एका रेट्रोव्हायरसच्या बाहेरच्या कवचाचा जीन. हे 2000 साली दाखवलं गेलं. इतकी साखळी फिरायला वेळ लागणारच. पण पोरांना 24 तासांत निकाल हवा असतो. ताटलीत दाटी दिसली की "फ्यूज झाल्या". दाटी म्हणजे फ्यूजन नव्हे, नाहीतर गणपतीच्या गर्दीत आपण सगळे एकच पेशी झालो असतो. ई-कॅडहेरिन हे पेशींच्या सीमेवरचं प्रथिन रंगवा, मधल्या भिंती खरंच गेल्यात का ते बघा, मग एका पेशीत किती केंद्रकं ते मोजा. 48 तास द्या. आणि एचसीजी हा वारेचा दुसरा हार्मोन वाढला म्हणजे पेशी जुळल्या असंही धरू नका. जेईजी-3 या वारेच्याच कर्करोगाच्या दुसऱ्या पेशी एचसीजी बनवतात, पण फ्यूज फारशा होत नाहीत.

बाकीच्या किरकोळ. फोर्स्कोलिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर कंट्रोलमध्ये, म्हणजे फोर्स्कोलिन न घातलेल्या ताटलीतही, तेवढाच डीएमएसओ हवा. ऑक्सिजन कमी-जास्त करणार असाल तर जीएपीडीएच या तुलनेसाठी नेहमी वापरतात त्या जीनवर भरवसा ठेवू नका, तो स्वतःच हलतो. पहिल्या काही आठवड्यांत वारेभोवती ऑक्सिजन जेमतेम 2-3 टक्के असतो आणि तुमच्या इन्क्युबेटरमध्ये जवळपास 20, हे निष्कर्ष लिहिताना आठवा. आणि उंदराच्या वारेत एचसीजी शोधू नका. त्याच्याकडे तो जीनच नाही. गेल्या वर्षी एकाने तो शोधायचे डीएनएचे तुकडे, म्हणजे प्रायमरसुद्धा, मागवले होते. ते अजून माझ्या फ्रीजरमध्ये पडलेत.