अनुभव नसताना पहिला नोकरीचा अर्ज कसा करावा

शाळेच्या वरच्या वर्गांत शिकणारा विद्यार्थी पहिल्यांदा नोकरीचा अर्ज भरतो, तेव्हा ‘कामाचा अनुभव’ या रकान्यापाशी तो बहुधा अडखळतो आणि पुष्कळदा अर्ज तसाच सोडून देतो. वास्तविक, शिकणाऱ्या मुलांना काम देणारी व्यक्ती मोठ्या पूर्वानुभवाची अपेक्षा ठेवत नाही. हा मुलगा किंवा ही मुलगी वेळेवर येईल का, सांगितलेले काम नीट समजून घेईल का आणि चूक झाल्यास ती लपवून न ठेवता सांगेल का, एवढेच काम देणाऱ्याला जाणून घ्यायचे असते. या प्रश्नांची उत्तरे पटण्याजोग्या पुराव्यासह देता आली, तर अनुभवाचा रकाना पूर्वी वाटत होता तितका रिकामा राहत नाही.

शोध सुरू करण्यापूर्वी आठवड्यातील कोणत्या दिवशी किती तास खरोखर मोकळे आहेत, हे परीक्षांचा काळ धरून कागदावर मांडावे. काम मिळवण्याच्या भरात ‘केव्हाही येऊ शकतो’ असे लिहिणारा विद्यार्थी पुढे स्वतःच अडचणीत येतो, त्यामुळे मोजके पण पाळता येतील असेच तास सांगावेत. वयाची अटही आधीच तपासावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1973 च्या 138 क्रमांकाच्या करारानुसार रोजगाराचे किमान वय सक्तीचे शिक्षण संपण्याच्या वयापेक्षा आणि सर्वसाधारणपणे 15 वर्षांपेक्षा कमी नसावे, तर आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असणाऱ्या कामांसाठी ते 18 वर्षे असावे. कामाचे तास, रात्रीचे काम आणि पालकांची संमती यांविषयीचे नियम प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार वेगळे असतात. ते शाळेतील समुपदेशकाकडून किंवा कामगार विभागाच्या अधिकृत माहितीतून समजून घ्यावेत.

विद्यार्थ्यांना झेपतील अशी अनेक लहान कामे जाहिरातींच्या संकेतस्थळांवर येतच नाहीत, ती ओळखीतून भरली जातात. म्हणून शिक्षक, नातेवाईक, शेजारी आणि आधीपासून काम करणारे वरच्या वर्गातील विद्यार्थी यांना आपण काम शोधत आहोत हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘काही असेल तर कळवा’ असे मोघम बोलण्यापेक्षा ‘सुट्टीच्या दोन महिन्यांत दुपारनंतर करता येईल असे कार्यालयीन मदतीचे काम मी शोधत आहे’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला नेमके कोणाचे नाव सुचवावे हे कळते. एखाद्या ठिकाणी स्वतः जाऊन चौकशी करायची असल्यास गर्दीची वेळ टाळावी आणि शक्यतो एकट्याने जावे, कारण पालकाने पुढे होऊन बोलल्यास मुलाविषयीचा अंदाज बांधणे समोरच्याला कठीण जाते.

बायोडेटा एका पानाचा पुरेसा असतो. त्यात नाव, संपर्क, शिक्षण, मोकळे तास, येत असलेल्या भाषा आणि संगणकावरील कौशल्ये यांची नोंद थोडक्यात करावी आणि उरलेली जागा केलेल्या कामांना द्यावी. सर्वांत जास्त वेळ येथेच खर्च करणे योग्य ठरते. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘जबाबदार’ ही विशेषणे प्रत्येक अर्जात असतात आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही राहत नाहीत. लक्षात राहते ती घडलेली गोष्ट. ‘शाळेच्या ग्रंथालयात मदत केली’ या वाक्याऐवजी ‘वर्षभर आठवड्यातून दोन दिवस शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवली आणि उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांची यादी तयार केली’ असे लिहिल्यास नियमितपणा, नोंदी ठेवण्याची सवय आणि स्वतःहून काम हाती घेण्याची वृत्ती या तिन्ही गोष्टी एकाही विशेषणाशिवाय दिसतात. लहान भावंडांचा अभ्यास घेणे, आजारी आजीआजोबांच्या औषधांच्या वेळा सांभाळणे, संघाच्या सरावाचे वेळापत्रक ठरवणे, स्नेहसंमेलनाचा हिशेब ठेवणे ही सगळी कामेच आहेत. मोबदला मिळाला नाही म्हणून त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र जे केलेले नाही ते लिहू नये, कारण मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

अर्जासोबतचे पत्र प्रत्येक ठिकाणासाठी नव्याने लिहावे. 1482 च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी केलेल्या पत्राच्या मसुद्यात सहज वाहून नेता येणारे पूल, तोफा आणि वेढ्याच्या वेळचे उपाय यांचे मुद्दे आधी येतात. चित्रकलेचा उल्लेख मात्र अखेरच्या भागात येतो. समोरच्याची गरज ओळखून स्वतःच्या कौशल्यांचा क्रम लावण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. विद्यार्थ्यानेही जाहिरात दोनदा वाचून त्यातील दोन-तीन अपेक्षा निवडाव्यात आणि प्रत्येकीसमोर स्वतःच्या वागण्यातील एक पुरावा ठेवावा. पत्र तीन छोट्या परिच्छेदांपेक्षा लांबू देऊ नये.

ज्यांची नावे संदर्भासाठी, म्हणजे आपल्याविषयी चौकशी करता यावी म्हणून, द्यायची, त्या शिक्षकांची किंवा प्रशिक्षकांची परवानगी आधी घ्यावी आणि आपण कोणत्या कामासाठी अर्ज करत आहोत हेही त्यांना सांगून ठेवावे. ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा, विषयाच्या ओळीत पदाचे नाव यावे आणि बायोडेटा पीडीएफ स्वरूपात, फाइलला स्वतःचे नाव देऊन जोडावा. पाठवण्यापूर्वी तो दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

मुलाखतीची तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. अडचण सोडवल्याचा, इतरांबरोबर काम केल्याचा आणि चूक सुधारल्याचा असे स्वतःचे तीन-चार प्रसंग आठवून ठेवावेत. प्रत्येक प्रसंग सांगताना परिस्थिती काय होती, आपल्यावर कोणती जबाबदारी होती, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हा क्रम ठेवावा. बहुतेक विद्यार्थी परिस्थितीचे वर्णन लांबवतात आणि स्वतः केलेल्या कृतीपाशी घाई करतात; ते उलट व्हायला हवे. उत्तर येत नसल्यास क्षणभर थांबून विचार करण्यात काहीच गैर नाही. शेवटी ‘काही विचारायचे आहे का?’ असे विचारले गेल्यास पहिल्या आठवड्यात काय शिकवले जाईल किंवा कामाची पाळी कशी ठरते हे अवश्य विचारावे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आभाराचा दोन ओळींचा संदेश पाठवावा. आठवडाभरात काही कळले नाही तर एकदा नम्रपणे चौकशी करावी.

फसवणुकीबाबत मात्र अत्यंत सावध राहावे. नोकरी देण्यासाठी नोंदणी शुल्क किंवा अनामत रक्कम मागणारा, बँकेचा पिन किंवा ओटीपी विचारणारा, मुलाखतीशिवाय भरघोस पगाराचे आश्वासन देणारा किंवा विद्यार्थ्याच्या खात्यातून दुसऱ्याचे पैसे फिरवायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी त्याच्याशी संपर्क तोडावा आणि घरच्यांना लगेच सांगावे. भेटीला कुठे व कोणाकडे जात आहोत, हेही घरी कळवूनच निघावे.

केलेल्या अर्जांची तारीख, ठिकाण आणि आलेले उत्तर यांची नोंद एका वहीत ठेवावी. नकार आला तर निवड का झाली नाही हे सौजन्याने विचारता येते. उत्तर मिळेलच असे नाही, पण मिळाले तर पुढच्या अर्जात त्याचा थेट उपयोग होतो. होकार आला तर मोबदला, तास, सुट्ट्या आणि रुजू होण्याची तारीख लेखी मागून घ्यावी, ती पालकांसोबत वाचावी आणि नोकरी स्वीकारल्यानंतर ज्या इतर ठिकाणी अर्ज प्रलंबित आहेत, त्यांना तो मागे घेत असल्याचे कळवावे.