वारशात आलेला जुना पिकअप: चावी फिरवण्याआधी

आजोबांचा पिकअप वर्षानुवर्षं उभा असेल, तर बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारायचा मोह आवरा. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल कधीच ओघळून गेलेलं असतं, आणि गंजून चिकटलेल्या पिस्टन रिंगा एका झटक्यात तुटू शकतात.

आधी सगळे स्पार्क प्लग काढा. कुठला कुठल्या सिलिंडरचा, ते लिहून ठेवा. तांबूस गंज दिसला तर तिथे पाणी शिरलंय. प्रत्येक भोकात चमचाभर पातळ ऑइल सोडा आणि निदान रात्रभर मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनाचा पट्टा फिरवणाऱ्या खालच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावा आणि इंजिन हातानं, हळूहळू फिरवा. अडलं तर जोर नको, पुन्हा ऑइल सोडून थांबा. २ फेरे विनाअडथळा झाले की फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र पूर्ण होतं.

टाकीतलं शिळं पेट्रोल काढाच, त्याचा चिकट थर कार्बोरेटरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे) जेट, म्हणजे बारीक छिद्रं, बुजवतो. ब्रेकचे रबरी होज वरून धड दिसले तरी नवे घाला. रंगकाम सगळ्यात शेवटी.

आणि काहीही उघडण्याआधी फोटो काढा. आजोबांनी तारेनं बांधून केलेली एखादी दुरुस्ती सापडेल, तिचाही.